‘देवानं दिलंय, ठेवा’ म्हटल्यावर ती बाई कुठे जाते

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर माळकरी, आजोबांपासून पंढरीची वारी. एमबीबीएस झाल्यावर बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी तुम्ही आमच्या विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आलात. मागच्या महिन्यात तीन लेकरांची एक बाई आशाताईला घेऊन आली. दोन महिने झाले होते, तिला मूल नको होतं. तुम्ही म्हणालात, ‘देवानं दिलंय, ठेवा.’ ती काही न बोलता उठून गेली. पंधरा दिवसांनी आशाताईकडून कळलं की तिनं तालुक्याच्या गावातून गोळ्या आणून घेतल्या आणि अजून तिच्या अंगावरून जातंय. आता गर्भपाताच्या प्रशिक्षणाच्या यादीत तुमचं नाव आलंय. तुम्ही विचारता, श्रद्धेविरुद्ध वागायचं का? आणि त्या बाईच्या बाबतीत माझं चुकलं का?

हे दोन प्रश्न तुम्ही एकाच वाक्यात विचारलेत, पण ते वेगळे आहेत आणि वेगळेच ठेवायला हवेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी ते देते. हो, चुकलं. गर्भपात तुम्हाला पाप वाटतो यात काही चूक नाही. ती बाई तुमच्याकडे डॉक्टर म्हणून आली होती आणि तुम्ही तिला कीर्तनकार म्हणून उत्तर दिलंत, ही चूक. तिनं देवाबद्दल विचारलंच नव्हतं. तिचा देव तिच्या घरी आहे, त्याच्याशी तिचं जे बोलायचं ते तुमच्याकडे येण्याआधीच बोलून झालेलं असतं.

मी तीस वर्षं यवतमाळ-वाशिमच्या पट्ट्यात स्त्रीरोगाचं काम केलं, त्यातली बरीचशी ग्रामीण रुग्णालयांत. अशी बाई तुमच्या टेबलापर्यंत कशी पोचते ते सांगते. पाळी चुकल्यावर पहिले काही दिवस ती कोणालाच सांगत नाही. मग एक दिवस विहिरीवर किंवा वावरात आशाताईला गाठते. वेचणीचे दिवस असतील तर त्या दिवसाचा कापूस बुडतो, म्हणजे मजुरी बुडते. घरी सांगते, ‘दात दुखू राहिला, दवाखान्यात जाऊन येते.’ एसटी दिवसातून दोनदा. केंद्रात बाकावर गावातल्याच कोणाची तरी सासू बसलेली, तिच्या नजरेतून निसटायचं. इतकं करून ती आत येते आणि म्हणते, ‘मॅडम, मले हे नाही ठेवाचं. आदीच तीन हायेत. घरी कोनाले नका सांगू.’ हे एवढं बोलायला तिनं आठवडाभर जीव गोळा केलेला असतो. तुमचं एक वाक्य तिला परत पाठवायला पुरतं. परत जाऊन ती मूल ठेवत नाही. दुसरी वाट शोधते, आणि ती वाट तुमच्यापेक्षा वाईट हातांत जाते.

हे मी तुमच्यावर डाफरायला लिहीत नाही, कारण यातलं सगळ्यात मोठं पाप माझ्या पदरात आहे. 1995 साली मी नवीन रुजू झाले. तेव्हा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची टार्गेटं होती, महिन्याच्या बैठकीत आकडे विचारले जायचे. कोणी बाई ‘पोट पाडून द्या’ म्हणून आली की आम्ही सांगायचो, ‘ऑपरेशन करून घेशील तर करून देऊ.’ मला ते योग्यच वाटायचं. दोन लेकरं झाली, आता कशाला? बाईच्याच भल्याचं आहे. चोवीस वर्षांची एक बाई होती, दोन मुलांची आई. ऑपरेशनला तयार नव्हती. धाकटा सतत आजारी असायचा, त्याचा भरवसा नाही म्हणाली. मी ऐकलं नाही. ती गेली. नऊ दिवसांनी बैलगाडीत घालून आणली तेव्हा अंग तापानं फणफणत होतं आणि ओटीपोटाला हात लावू देत नव्हती. गर्भ पाडायला कोणीतरी आत झाडाचं मूळ घातलं होतं. मेडिकल कॉलेजला पाठवली, जीव वाचला, गर्भपिशवी काढावी लागली. धाकटा मुलगा पुढल्या पावसाळ्यात गेला.

माझी अट धर्माची नव्हती. सरकारी होती, शास्त्रीय होती, ‘आधुनिक’ होती. पण तिच्या बाजूनं पाहिलं तर तुमच्या ‘देवानं दिलंय’मध्ये आणि माझ्या ‘ऑपरेशन कर’मध्ये काही फरक नाही. दोन्हीकडे तिच्या पोटाबद्दलचा निर्णय टेबलापलीकडच्या माणसानं घेतला. पुढच्याच वर्षी, 1996 साली, ती टार्गेट पद्धत सरकारनं अधिकृतपणे मागे घेतली. माझ्या डोक्यातून जायला मात्र आणखी काही वर्षं लागली.

आता श्रद्धेचं. मी स्वतः देव मानते. दर गुरुवारी एकवेळ जेवते, जमेल तेव्हा शेगावला जाते, दर्शनबारीत उभी राहते. गर्भपात करताना मला काही वाटत नाही असं कोणी समजू नये. सात-आठ आठवड्यांचा असेल तर मन शांत असतं. दिवस जितके वाढत जातात तितकं ओझं वाढतं, आणि वीस आठवड्यांच्या पुढचं काम केलं त्या रात्री मला जेवण गेलेलं नाही. ते ओझं खरं आहे, आणि ते वाहायचं मीच. त्याचं गाठोडं बाईच्या डोक्यावर ठेवून तिला पाठवून देणं, हे मला वर्षानुवर्षांनी चुकीचं वाटू लागलं.

तुम्ही लिहिलंय की ‘धर्म हेच सांगतो.’ कोणाचा, ते जरा बघा. माझ्या वॉर्डात आठ खाटा होत्या. एकीवर मराठा, दुसरीवर बौद्ध, तिसरीवर मुसलमान, चौथीवर गोंड, कधी बंजारा तांड्यावरची, कधी कारंज्याकडची जैन. आपल्या स्मृतींमध्ये भ्रूणहत्या महापातकांच्या जवळ नेऊन ठेवली आहे, हे खरं. पण गर्भोपनिषद म्हणतं की गर्भाशी जीवाचा संयोग सातव्या महिन्यात होतो. इस्लाममधले बरेच जाणकार 120 दिवसांची रेषा मानतात. कॅथलिक चर्च पहिल्या क्षणापासून मानतं. बौद्धांच्या पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं, पण एका बौद्ध सिस्टरनं मला सांगितलं होतं की ते शील प्रत्येकानं आपल्या तोंडानं, आपल्यासाठी घ्यायचं असतं. शेजाऱ्यासाठी शील घेता येत नाही. मला हे फार पटलं. तुमच्या गळ्यातली माळही तुम्ही स्वतः घातलीत. ती घालताना कांदा-लसूण सोडलात, पण केंद्रातल्या पेशंटांचा डबा उघडून कधी कांदा शोधला नाहीत ना?

आणि आपल्या मातीतही या प्रश्नाला हात घालणारी माणसं होऊन गेली. 1863 साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले की लोकलाजेपायी मूल मारलं जायचं, कधी तीही मरायची. फुल्यांनी ‘पाप कोणाचं’ याचा निवाडा करत न बसता तिला गुपचूप, सुरक्षित बाळंत होता येईल अशी जागा दिली. पुढे सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या खुनासाठी फाशी सुनावली गेली, नंतर ती शिक्षा सौम्य झाली. वर्तमानपत्रांनी मात्र समस्त बायकांना धारेवर धरलं. त्यावर उठून उत्तर दिलं ते आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी. 1882 साली छापलेल्या ‘स्त्री-पुरुष तुलने’त त्यांनी विचारलं ते साधं होतं : जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? मी ते पुस्तक उशिरा वाचलं. वाचताना माझ्या ओपीडीतल्या बायका डोळ्यांपुढे येत होत्या. पोट पाडायला आलेली बाई सगळ्यांना दिसते. निरोध न वापरणारा नवरा कोणत्याच रजिस्टरात नसतो.

कायदा तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतील, पण दोन-चार गोष्टी आताच मनात पक्क्या करा. 1860 च्या भारतीय दंड विधानानुसार बाईचा जीव वाचवण्यासाठी सोडून गर्भपात गुन्हा होता. बायका मरत होत्या. म्हणून 1964 साली शांतिलाल शाह समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितींसाठी दोघांचं लागतं. गर्भात गंभीर व्यंग आहे असं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर वरची मर्यादाच नाही. गर्भनिरोधक फसलं हे कारणही कायद्यानं मान्य केलंय, आणि आता ते फक्त विवाहितेपुरतं नाही. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क आहे असं सांगितलं. संमती फक्त तिची. अठरा वर्षांपुढच्या, मानसिक आजार नसलेल्या बाईसाठी नवऱ्याची सही लागत नाही, सासूची लागत नाही, पोलीस पाटलाची तर नाहीच. तिचं नाव फोडलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत, त्यांच्या सातव्या प्रकरणात लिहिलंय की वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरला गर्भपाताला नकार देता येणार नाही. ते कौशल्य आपल्याकडे नाही असं त्याला वाटत असेल तर गोष्ट वेगळी. हे वाचून बऱ्याच जणांना पळवाट दिसते : प्रशिक्षणच घ्यायचं नाही, म्हणजे कायम ‘मला येत नाही’ म्हणता येतं. कृपा करून ही वाट धरू नका.

त्याला एक फार व्यावहारिक कारण आहे. प्रशिक्षणात पंचवीस केसेसमध्ये मदत करायची असते, त्यातल्या किमान पाच स्वतः करायच्या. तिथे जे हातात येतं, ती एमव्हीएची, म्हणजे गर्भपिशवी हातानं ओढून रिकामी करायची सिरिंज, तीच सिरिंज अर्धवट गर्भपात होऊन रक्त वाहत आलेल्या बाईला लागते. तिचं मूल तिला हवं असतं. नवसानं झालेलं असतं. देवानं दिलं आणि देवानंच नेलं असं तुम्ही म्हणाल, पण आत अडकलेला तुकडा काढल्याशिवाय तिचं रक्त थांबत नाही. रात्री दोन वाजता, रस्त्यात नाला भरलेला, 108 ला यायला दीड तास. तेव्हा तुमचे हात शिकलेले नसतील तर तुमच्या श्रद्धेनं एका बाईचा जीव घेतला असं होईल, आणि त्या बाईनं तर काही ‘पाप’ही केलं नव्हतं. प्रशिक्षणाला जा. एवढ्या एका मुद्द्यावर मी कुठलीही सूट देणार नाही.

तिथून परत आल्यावर काय, हे मात्र परिस्थितीवर आहे. तुम्ही नागपुरात मोठ्या रुग्णालयात असता, शेजारच्या टेबलावर दुसरी डॉक्टर असती, तर मी म्हटलं असतं, वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा आणि ही पेशंट शांतपणे तिच्याकडे द्या. मनाविरुद्ध केलेलं काम चांगलं होत नाही, आणि बाईलाही तो ताठ चेहरा नकोच असतो. पण मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला पाठवायचं म्हणजे घाट उतरून अख्खा दिवस. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा जगाशी संबंधच तुटतो. अशा ठिकाणी एकटे असताना ‘दुसरीकडे जा’ म्हणणं हा नकारच, फक्त गोड आवाजातला. बाजूला सरायचं असेल तर मागे दुसरं कोणी उभं आहे, आणि बाई त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच्यापर्यंत पोचते आहे, हे आधी बघावं लागतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोला, आठवड्यातून एक दिवस शेजारच्या केंद्रातली प्रशिक्षित डॉक्टर येऊ शकते का ते विचारा. बऱ्याचदा जमतं. नाहीच जमलं तर एकट्या जागेवर राहायचं की बदली मागायची, हे ठरवायची जबाबदारी तुमची आहे. त्या बाईला बदली मागता येत नाही.

जीव धोक्यात असेल तेव्हा यातलं काहीच लागू नाही. आपल्या शेजारच्या बेळगावची सविता हलप्पनवार आठवते? आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती, एकतीस वर्षांची. 2012 च्या ऑक्टोबरात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलेलं, पण त्याचे ठोके चालू होते. तिनं गर्भपात मागितला, मिळाला नाही. हा कॅथलिक देश आहे असंही तिला ऐकवलं गेलं. 28 ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गानं गेली. ती कॅथलिक नव्हती, पण गर्भाच्या जीवाचा हक्क आईच्या जीवाइतकाच, असं तिथल्या राज्यघटनेत 1983 पासून लिहिलेलं होतं. 2018 च्या सार्वमतात तिथल्या सुमारे 66 टक्के मतदारांनी ते कलम काढायला कौल दिला, आणि त्यांत स्वतः देवळात, म्हणजे चर्चला, जाणारे लोकही होतेच. श्रद्धा सोडावी लागली नाही त्यांना. आपल्याकडे कायदा 1971 पासून आहे; जीव वाचवायला तातडीची गरज असेल तर आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. तरीही वरून फोन येण्याची वाट पाहणारे, ‘आधी घरच्यांना बोलवा’ म्हणणारे मी पाहिलेत.

खरं तर आमच्या भागात सरळ नकार कमीच मिळतो. लादणं होतं ते दुसऱ्या मार्गांनी. ‘सोमवारी या, मॅडम नाहीत.’ सोमवारी गेली की ‘नवऱ्याला आणा.’ नवरा सुरतेला कामाला. मग ‘सोनोग्राफी करून आणा’, ती तालुक्याला, तिचे वेगळे पैसे. सिस्टर तपासताना म्हणते, ‘तवा नाही समजलं का?’ लग्न न झालेली पोरगी असेल तर मंगळसूत्र शोधणारी नजर. प्रत्येक जण आपापल्या परीनं थोडी नीती शिकवतो आणि तीन आठवडे निघून जातात. नवव्या आठवड्यापर्यंत जे गोळ्यांनी झालं असतं, त्याला बाराव्यात पिशवी साफ करावी लागते आणि त्यानंतर जिल्ह्याला पाठवावं लागतं. ज्यांना गर्भाची काळजी आहे त्यांनी तरी हा उशीर करू नये, कारण उशिरानं गर्भ वाढतो. मूल काही जन्माला येत नाही.

यात भिंतींनीही भर घातली आहे. ‘भ्रूणहत्या पाप आहे’ असं केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. ते लिहिलं मुलींसाठी, लिंग तपासणी करून मुलगी पाडणाऱ्यांसाठी. पण गावातल्या कित्येक बायकांना त्यावरून गर्भपातच बेकायदा आहे असं वाटतं. त्या मोहिमेच्या धाकानं अनेक दुकानदारांनी गोळ्यांचं किट ठेवणंच बंद केलं, आणि जे चोरून देतात ते चौपट पैसे घेऊन, काही न समजावता देतात.

हा विषय निघालाच आहे तर तुमच्या मनात येईल, मग मुलगी आहे म्हणून पाडायला आलेल्या बाईचं काय? तिथे मी अडते की नाही? अडते. लिंग सांगणं हाच गुन्हा आहे, 1994 चा कायदा आहे, आणि त्याआधी 1988 साली देशात पहिला असा कायदा आपल्याच राज्यानं केला. पण तिथेही माझा पहिला प्रश्न बाईला एकटीला विचारलेला असतो, सासूला बाहेर बसवून : ‘बाई, हे तुला पाहिजे का?’ खूपदा ती रडायला लागते. तिला मुलगी ठेवायचीच असते. तिच्यावर घरचे लादत असतात, आणि आपण डॉक्टर त्यांचं हत्यार होणार असतो. मूल हवं असलेल्या बाईचं पोट नवऱ्याच्या सांगण्यावरून पाडायला मी जितक्या ठामपणे नाही म्हटलं, तितक्याच ठामपणे नको असलेल्या बाईला हो म्हटलं. मला त्यात विरोध दिसत नाही, दोन्हीकडे मी एकाच माणसाचं ऐकत असते.

सिकलसेलनं, आईबापांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजारानं, मला हे सगळ्यात नीट शिकवलं. तुम्ही विदर्भात आहात, तुमच्याकडेही येतील. नवरा-बायको दोघं एएस, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, तर दर खेपेला मूल एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता चारात एक. एका जोडप्याचा पहिला मुलगा दर दोन महिन्यांनी हाडांच्या कळांनी तळमळत भरती व्हायचा. दुसऱ्या खेपेला गर्भाची तपासणी केली, अकराव्या आठवड्यात निकाल आला, हेही एसएस. मला वाटलं, आता हे काढून टाका म्हणतील. आमच्या स्टाफनं तर तयारीही सुरू केली. ती बाई म्हणाली, ‘पयल्यानं मले आई केलं. तो असाच हाय ना? मंग हे बी राहू द्या.’ एक सिस्टर तिच्यावर चिडली, ‘जाणूनबुजून लेकराचे हाल करतेस.’ मला आतून सिस्टरचंच पटत होतं, खरं सांगते. पण मी सिस्टरला बाहेर पाठवलं. त्या मुलीचं नाव तिनं माझ्या आईच्या नावावरून ठेवलं. आता शाळेत जाते, हायड्रॉक्सियुरियाचं औषध चालू आहे, कळा येतात, पण कमी. तीच बाई ‘नको’ म्हणाली असती तरी मी तिच्या बाजूनं उभी राहिले असते, आणि तिच्याशी याच आवाजात बोलले असते.

अल्पवयीन मुलींचं वेगळं लिहायला हवं, ते गुंतागुंतीचं आहे. थोडक्यात एवढं : अठराखालच्या मुलीसाठी पालकाची संमती लागते आणि पोक्सोखाली, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण 2022 च्या त्याच निकालानं सांगितलंय की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर कळवताना डॉक्टरनं तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे गावोगावी डॉक्टर अशा पोरींना दारातूनच परत लावतात.

तर इथवरचं एकत्र धरायचं झालं तर असं : माळ ठेवा, वारी करा, मनातलं ओझं मनात ठेवा. प्रशिक्षण घ्या. स्वतः करायचं नसेल तर मागे दुसरं कोणी उभं करून मगच बाजूला सरा. आणि टेबलाशी देवाचं नाव बाईनं काढलं तरच काढा. काही बाया काढतात. ‘मॅडम, पाप लागन काय वो?’ असं विचारतात, तेव्हा मी ‘नाही’ असंही म्हणत नाही, कारण ते सांगणारी मी कोण. तिचा हात धरते आणि विचारते, ‘तुले काय वाटते?’ मग ती बोलते. एकदा एक जण पाऊण तास बोलली आणि शेवटी म्हणाली, ‘ठेवतो मी.’ दुसरी बोलून झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, ‘करून द्या.’ दोघींना घाई केली नाही, एवढंच माझं काम होतं.

आता त्या बाईकडे वळा. प्रशिक्षणाची तारीख यायला वेळ आहे, तिचं आधी. उद्याच आशाताईला घेऊन उपकेंद्रात बसा आणि बीपी-साखर तपासणीच्या निमित्तानं तिला बोलावून घ्या, म्हणजे गावात चर्चा होणार नाही. का केलं, कुठून गोळ्या आणल्या, हे विचारू नका. पॅड किंवा कपडे किती भिजतात ते विचारा. तासाला दोन मोठे पॅड, सलग दोन तास, असं असेल तर तिला तिथूनच गाडीत घालून पाठवा. ताप, ओटीपोटात दुखणं, वास येणारं पाणी, हे बघा. चक्कर आणि एका बाजूची कळ असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, गोळ्यांनी तो पडत नाही, तेव्हा सोनोग्राफीला उशीर करू नका. रक्तगट निगेटिव्ह आहे का ते जुन्या माता-बालक कार्डावर सापडेल. हिमोग्लोबिन करा. आमच्या बायका आठावरच शेतात राबत असतात, त्यात इतके दिवस रक्त गेलंय. सगळं ठीक असेल तर लोहाच्या गोळ्या द्या आणि पुढे दिवस राहू नयेत म्हणून काय हवं ते विचारा : ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या, कॉपर-टी. ठरवू द्या तिला.

आणि तिला सांगा, ‘त्या दिवशी मी तुमचं ऐकून घेतलं नाही, माझं चुकलं.’ ती बहुतेक काही बोलणार नाही, पदर डोक्यावर ओढून घेईल. तरी सांगा. हिमोग्लोबिन किती निघालं ते मला इथे कळवा, सातच्या खाली असेल तर पुढचं काय करायचं ते लगेच लिहिते.